टेकडी वाचली, पायथ्याचं काय?

इंदूरच्या माणसाला डोंगर दाखव म्हटलं तर तो तुम्हाला गाडीत घालून महूच्या पुढे नेईल. जानापाव, पातालपाणी, पावसाळ्यातला विंध्य. खुद्द शहराला टेकून टेकड्या आहेत हे त्याला एरवी आठवत नाही. आठवतं ते नवरात्रात बिजासनच्या जत्रेला, नाही तर रविवारी सकाळी, पोहे-जिलेबी जिरवायची असते तेव्हा. या रविवारच्या टेकडीचं नाव रालामंडल. समुद्रसपाटीपासून उंची ७८० मीटरच्या आसपास, पण इंदूरच मुळी साडेपाचशे मीटरवर बसलेलं, म्हणजे खरा चढ सव्वादोनशे मीटरचा. माथ्यावर होळकरांची शिकारगाह. वर पोचल्यावर घाम पुसत, 'तो बघ, त्या बाजूला राजवाडा' असं पाहुण्यांना सांगायचं. राजवाडा कधीच दिसत नाही, तरी सांगायचं.

रालामंडल १९८९ पासून अभयारण्य आहे. २३४ हेक्टर आणि वर थोडं, म्हणजे अभयारण्य म्हणून अगदीच चिमुकलं. चितळ आहेत, नीलगाय आहे, बिबट्या अधूनमधून खालच्या गावांत फेरी मारतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. पुढचं वाचून कुणी मला अभयारण्याचा वैरी ठरवण्याआधी सांगून टाकतो : ही अधिसूचना निघाली नसती तर आज त्या शिकारगाहीत लग्नं लागली असती आणि उतारावर 'फार्म हाऊस बिकाऊ है'च्या पाट्या असत्या. वनखात्यानं टेकडी राखली, हे मान्य.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण टेकडी वाचवली म्हणजे तिचा माथा वाचवला. टेकडीचं काम चालतं ते पायथ्याशी, आणि तिल्लोर खुर्द, सनावदिया, मिर्जापूर, असरावद या गावांचा तो पायथा आपण कुठल्याच हिशेबात धरला नाही. पायथा गेला तर वर कुंपणात उरेल तो एक हिरवा देखावा. आणि पायथ्याचं काय करायचं हे ठरवताना त्या गावांना सगळ्यात शेवटी विचारलं जातं, बहुतेक वेळा विचारलंच जात नाही.

काम म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. माळव्याची जमीन काळ्या दगडाची. दगडावर कुजलेला मुरूम, मुरमावर माती. टेकडीवर माती बोटभर, सपाटीला पुरुषभर काळीभोर. आषाढात ही काळी माती फुगते, तिच्या उन्हाळ्यातल्या भेगा मिटतात आणि पाणी वरच्या वर राहतं. शेतात चिखल होतो, पण विहिरीला त्यातलं फारसं मिळत नाही. पाणी मुरतं ते मधल्या पट्ट्यात, जिथे उतार संपत आलेला असतो, मुरूम उघडा असतो आणि काळी माती अजून सुरू झालेली नसते. काही ठिकाणी हा पट्टा दोन-तीन शेतांच्या रुंदीचा, काही ठिकाणी एकाच. वरून आलेलं पाणी खाळीतून, म्हणजे उतारावरच्या पावसाळी ओहोळातून, तिथे येतं, रेंगाळतं आणि आत उतरतं. कुंपण त्याच्या वरच संपलेलं असतं. अभयारण्याभोवती संवेदनशील पट्टा आखलेला आहे, पण तो कुंपणापासून मोजून आखतात. पाणी काही टेप लावून उतरत नाही.

आता थोडं गणित. इंदूरकर अजून पाऊस इंचात मोजतो, आणि ३६-३७ इंच झाला की 'कोटा पूरा' म्हणून मोकळा होतो. एका हेक्टरवर एक इंच पाऊस म्हणजे २ लाख ५४ हजार लिटर पाणी. रालामंडलच्या २३४ हेक्टरांवर ३६ इंच पडला तर साधारण २१४ कोटी लिटर. त्यातला दहावा हिस्सा जरी पायथ्याला मुरला असं धरलं, तरी २१ कोटी लिटर, म्हणजे पाच-पाच हजार लिटरचे ४२ हजार टँकर. दहावा हिस्सा हा माझा अंदाज आहे, तुम्ही विसावा धरा, तरी २१ हजार टँकर होतात, आणि त्यांना डिझेल लागत नाही. दुसरीकडे आपण जलूदहून नर्मदा आणतो, सत्तर किलोमीटरवरून, विंध्याची चढण चढवून. १९७८ मध्ये ती शहरात आली तेव्हाचा आनंद आमच्या घरात अजून सांगतात, आजी हंडा घेऊन नळापुढे कशी उभी राहिली ते. त्या आनंदात एक गोष्ट मात्र झाली. पाणी पाइपातून येतं हे शहराच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं, की टेकडीतून येतं हे विसरूनच गेलं.

गावं विसरलेली नाहीत. तिल्लोरच्या बाजूला माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची विहीर आहे. सगळे त्याला 'बा' म्हणतात, मीही म्हणतो. विहिरीला मोटर आहे, पण काठावरच्या खुंटीला एक जुना दोर गुंडाळून ठेवलेला असतो. दर आखातीजला तो दोर दगड बांधून आत सोडायचा आणि पाण्याला लागला तिथे काठाच्या मापानं एक चिंधी बांधायची. त्याच्या वडिलांनी हे सुरू केलं. वडिलांच्या चिंध्या लाल होत्या, आता विटून मातकट झाल्यात. बाच्या पिवळ्या. लाल चिंध्या एकमेकींना खेटून आहेत, दोन-तीन हातांच्या आत सगळ्या. पिवळ्या सुरुवातीला त्यांच्यातच मिसळलेल्या, मग एकेक करत दूर गेलेल्या, आणि शेवटच्या चार तर दोराच्या टोकापाशी. मी गेलो तेव्हा वैशाख होता. आत वाकून पाहिलं. जिथे मुरूम संपून काळा दगड लागतो तिथे एक ओली रेघ होती, तिच्यावर शेवाळ आणि शेवाळावर दोन कबुतरं. त्या रेघेत पाच झिरी. बानं बोट दाखवलं : चार टेकडीकडच्या, एक शेताकडची. शेताकडची केव्हाच मेली होती. टेकडीकडच्या चारांतल्या दोन ओल्या होत्या. मी विचारलं, उरलेल्या दोन कधीपासून बंद? त्यानं साल सांगितलं नाही. 'उधर कॉलनी कटी, तब से,' एवढंच म्हणाला.

इथे मला माझ्याच घरचा एक किस्सा सांगावा लागणार, आणि तो सांगायला जीभ रेटत नाही.

आम्ही मूळचे रामबागेतले, नंतर लोकमान्य नगरात. बाबा निवृत्त झाले तेव्हा हातात चार पैसे आले आणि इंदुरात चार पैसे आले की माणूस प्लॉट बघतो. त्यांनी टेकडीच्या पायथ्याला पंधराशे फुटांचा प्लॉट घेतला, डायरीवर. बाहेरगावच्या वाचकांसाठी : डायरीवर म्हणजे परवानग्या यायच्या आधी, रजिस्ट्री नाही, एका डायरीत हप्ते लिहून घ्यायचे आणि विश्वास ठेवायचा. कॉलनीच्या नावात 'हिल' होतं आणि 'व्ह्यू'ही होतं. नकाशावर गार्डन होतं, मंदिर होतं, साठ फुटी रस्ता होता. नकाशावर एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे खाळ. टेकडीवरून येणारी खाळ त्या जमिनीच्या मधून जात होती. हिवाळ्यात पाहिली तर कोरडा चर, काठाला दोन खाखऱ्याची, म्हणजे पळसाची, झाडं. ज्यानं नकाशा काढला त्यानं ती बहुधा जानेवारीत पाहिली असावी. चर मलब्यानं भरला, वर रोलर फिरवला आणि त्याचे प्लॉट झाले.

पुढच्या श्रावणात पाणी आलं. ते कुठे जाणार? ज्यांनी आधी घरं बांधली होती त्यांच्या पोर्चमध्ये गेलं. रहिवाशांनी अर्ज केले, मग रस्त्याखालून हातभर रुंदीचा एक पाइप टाकला गेला आणि ते पाणी मुरमाला न शिवता थेट पुढच्या नाल्यात पडू लागलं. पोर्च कोरडे झाले. बाच्या दोन झिरी त्याच सुमाराला बंद पडल्या. हे कोर्टात सिद्ध करता येईल असा माझा दावा नाही. पण खाळ कुठे होती, पाइप कुठे गेला आणि विहीर कुठल्या बाजूला आहे हे पाहिलेल्या माणसाला वेगळा पुरावा मागावासा वाटणार नाही. आणि हो, त्या कॉलनीतून आता टेकडी दिसत नाही. मधे तीन मजली घरं झाली.

यावर शहरातलं ठरलेलं उत्तर असतं : 'जमीन विकली कुणी? त्याच गाववाल्यांनी ना! एसयूव्ही त्यांच्या दारात, आणि रडगाणं आमच्यापुढे?' हे उत्तर खोटं नाही, म्हणूनच ते टाळून चालणार नाही. विकली त्यांनीच. या गावांत मी अशी घरंही पाहिली आहेत जिथे एकाच पिढीत सोयाबीन-आलूची शेती, जमिनीचा व्यवहार, गाडी, आणि मग मुलाची त्याच कॉलनीत गार्डची नोकरी, असा सगळा प्रवास झालाय. पण विक्रीचा क्रम बघा. खाळ अडते वर, एकाच्या शेतात. विहीर आटते खाली, दुसऱ्याच्या. आलूला हिवाळ्यात पाणी लागतंच. ते नाही म्हटल्यावर तो बोअर मारतो, कर्ज काढून. बोअर फेल जातो. त्यात नीलगाय रात्रीतून हरभरा साफ करते आणि भरपाईच्या कागदासाठी पटवाऱ्यामागे फिरावं लागतं. मग तोही विकतो. पहिल्यानं हौसेनं विकली असेल, चौथ्याला विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आपण मात्र पहिल्याकडे बोट दाखवून चौथ्याचं तोंड बंद करतो. शिवाय खाळ विकायचा हक्क पहिल्यालाही नव्हता. शेत त्याचं होतं, त्यातून वाहणारं पाणी खालच्या सगळ्यांचं.

हे माझं तत्त्वज्ञान नाही, कायदा आहे. मध्य प्रदेशची भू-राजस्व संहिता १९५९ ची. तिच्यात प्रत्येक गावाचं निस्तार पत्रक असावं असं म्हटलंय : गुरं कुठे चरतील, जळण कुठून येईल, मुरूम-माती कुठून काढायची. आणि त्याच्या जोडीला वाजिब-उल-अर्ज नावाचा जुना, भारदस्त नावाचा दस्तऐवज, ज्यात खाजगी जमिनीतूनसुद्धा वाट आणि पाणी यांचे गावाचे रिवाजी हक्क नोंदवायचे असतात. म्हणजे खाळीसाठी नवा कायदा करायची गरज नाही, कागदाचा गठ्ठा सोडायची आहे. खसऱ्यातही, म्हणजे गावाच्या जमीन-नोंदीतही, बघा. 'चरनोई', 'पहाड चट्टान', 'छोटे झाड का जंगल' असे रकाने सापडतात. शहराच्या डोळ्यांना जी जमीन 'खाली पडी है', तिला गावानं पिढ्यान्‌पिढ्या नाव आणि काम दिलेलं होतं. गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ च्या पंजाबातल्या एका गावतळ्याच्या निकालात सगळ्या राज्यांना बजावलं. त्यालाही आता दीड दशक होत आलं.

'खाली पडी है' हा शब्दप्रयोग या सगळ्याच्या मुळाशी आहे असं मला वाटतं. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजच्या टेकडीवर एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लावून इंदूरनं गिनीज विक्रम केला. माझ्या भाचीच्या शाळेची बस गेली होती, तिनं लावलेलं रोप तिला पुन्हा सापडणार नाही हे तिलाही माहीत आहे. ती रोपं जगोत. पण माळव्याच्या सगळ्या टेकड्या काही घनदाट जंगलाच्या नव्हेत. बोटभर मातीवर खरं पीक गवताचं. अधूनमधून धावडा, खाखरा, सालई, आणि बाकी कमरेएवढं गवत, जे दिवाळीच्या आगेमागे कापून गंज्या रचल्या जायच्या. गवत पाण्याचा वेग मोडतं, माती धरून ठेवतं आणि म्हशीच्या पोटातही जातं. त्याचा विक्रम होत नाही, कारण ते लावावं लागत नाही. नुसतं राखावं लागतं, आणि कापायला गावाला आत येऊ द्यावं लागतं. होळकरांनी शिकारीसाठी टेकडी बंद केली तेव्हा गाव बाहेर, वनखात्यानं संरक्षणासाठी बंद केली तेव्हाही गाव बाहेर. आम्ही मात्र तिकीट काढून आत.

दरम्यान टेकडी म्हणजे काय हेच ठरेना. २०२५ च्या नोव्हेंबरात अरवलीसाठी सर्वोच्च न्यायालयानं व्याख्या मान्य केली : भोवतालच्या जमिनीपासून १०० मीटर उंच असेल तोच अरवलीचा डोंगर. ओरड झाली, आणि डिसेंबर संपायच्या आत न्यायालयानं स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली. अरवली आपल्यापासून लांब, पण मोजपट्टी जवळची आहे. रालामंडल त्या मापात पास होईल. शेजारची देवगुराडियाची टेकडी, जिच्या कुशीत गुटकेश्वर महादेव आहे आणि नंदीच्या मुखातून पाण्याची धार लागते म्हणून श्रावणात लोक लोटतात, तिचं काय? नंदीच्या मुखातलं ते पाणी टेकडी किती मीटरची हे विचारून येत नाही. उंचीवर टेकडी ठरवणं हा वरून बघणाऱ्याचा हिशेब. खाली राहणाऱ्याला टेकडी विहिरीत दिसते.

त्याच देवगुराडियाला शहरानं वर्षानुवर्षं आपला कचरा टाकला. वास सनावदियाला, आणि सफाईचा पुरस्कार पुढे शहराला. इथे मात्र एक कबूल करायला हवं, की शहरानं मनावर घेतलं तेव्हा जुन्या कचऱ्याचे डोंगर खरोखर हटले. १९ फेब्रुवारी २०२२ ला तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प सुरू झाला. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. कचऱ्याचा डोंगर आपण हलवू शकतो, तर खऱ्या डोंगराच्या चार खाळी मोकळ्या ठेवणं त्यामानानं काहीच नाही.

आत्ताच हे लिहायचं कारण नकाशा. २००८ पासून लागू असलेल्या इंदूरच्या मास्टर प्लॅनची मुदत २०२१ लाच संपली. नव्यात ७९ गावं जोडायची आहेत, आणि वरून इंदूर-उज्जैन-देवास-धार असा महानगर प्रदेश आकाराला येतोय. एकदा त्या नकाशावर या गावांचा रंग पिवळा, म्हणजे निवासी, झाला, की खाळीसाठी भांडायला जागा उरणार नाही. तेव्हा रंग भरायच्या आधी टेकड्यांच्या पायथ्याच्या खाळी आणि मुरमाचा पट्टा नकाशावर यावा, आणि तो आखायला उपग्रहाच्या चित्रासोबत गावातली बासारखी माणसं बसवावीत. आखायचं तर पावसाळ्यात आखावं, जानेवारीत नको. डायव्हर्शनच्या, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करण्याच्या, प्रत्येक अर्जाला निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जची नक्कल जोडणं सक्तीचं व्हावं आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवली जावी. अभयारण्याच्या तिकिटातला वाटा पायथ्याच्या पंचायतींना मिळावा. रक्कम लहान असेल, पण मग हरभरा खाल्ल्याच्या अर्जाकडे बघण्याची नजर बदलेल. आणि गवत कापायला गावांना वर्षातले काही आठवडे आत सोडावं. बिबट्याला विचारलं तर तोसुद्धा रविवारच्या स्पीकरवाल्या गर्दीपेक्षा विळा घेतलेल्या बाया पसंत करेल.

यातलं एकही नवीन नाही, महागडं तर नाहीच. होत नाही, कारण ज्यांनी आग्रह धरायचा ते आपण सगळे टेकडीच्या वर उभे आहोत, फोटो काढत. पुण्यात वेताळ टेकडीसाठी लोक रस्त्यावर उतरले याचं आपल्या मंडळींना भारी कौतुक. गणेशोत्सवातल्या चर्चेत त्याचे दाखले निघतात. त्याच चर्चेतल्या निम्म्या लोकांचा प्लॉट बायपासच्या पलीकडे असतो. माझाही आहे.

बाबा गेले, डायरीची पुढे रजिस्ट्री झाली, प्लॉट दोघा भावांच्या नावावर आला. भाऊ म्हणतो, भाव चांगला आहे, काढून टाकू. मी गेल्या महिन्यात त्या सर्व्हे नंबरचा जुना नकाशा काढून आणला. कॉलनीच्या नकाशावर ठेवून खिडकीच्या काचेला धरला तर खाळीची दुहेरी रेघ आमच्या प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यातून आत शिरते आणि पुढच्या फाटकातून बाहेर पडते. भावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'हे गिऱ्हाइकाला दाखवू नकोस.'